पस्ते कोणी गायचं?

हनाचा फोन आला तेव्हा मी लायब्ररीत परत आलेली पुस्तकं ट्रॉलीवर लावत होते. "शुभा आंटी, बाबा गेले. सकाळी, झोपेतच," एवढं बोलून ती थांबली. मग जरा चाचरत म्हणाली, "तुमच्याकडे ती कॅसेट आहे ना अजून? आमच्याकडे त्यांचा आवाजच नाहीये कुठे." मी आहे म्हटलं. कॅसेट आमच्या शोकेसच्या खालच्या कप्प्यात होती आणि चार वर्षांत मी ती एकदाही लावली नव्हती. लाजेने. ती लाज कसली, ते सांगायलाच आज लिहायला बसले आहे.

हनाच्या बाबांना सगळे अबू नबील म्हणत, म्हणजे नबीलचे बाबा. बगदादकडे थोरल्या मुलाच्या नावाने बापाला हाक मारतात. त्यांचं खरं नाव मला फार उशिरा कळलं, तेही हॉस्पिटलच्या बेडवरच्या पाटीमुळे. लंडनजवळ इल्फर्डला आमच्या लायब्ररीमागच्या गल्लीत एका ड्रायक्लीनरच्या दुकानात, कोपऱ्यात मशीन टाकून ते कपडे अल्टर करायचे. मी ब्लाउज उसवून घ्यायला गेले होते (अंगाने सुटले होते, त्यात लपवायचं काय), तर हे मान खाली घालून हातशिलाई करताहेत आणि गाताहेत. मी सांगलीत आठ वर्षं गाणं शिकलेली. लग्न होऊन इकडे आले आणि गाणं सुटलं, आगाऊपणा तेवढा सुटला नाही. म्हटलं, "तुमचा गंधार, म्हणजे तिसरा सूर, जरा उतरतोय." त्यांनी सुई थांबवली. पावतीवर माझं नाव वाचलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "उतरलेला नाही, मिस शुभा. तो राहतोच तिथे. तुमच्याकडे त्याला घर दिलेलं नाही, इतकंच."

आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत, दोघांच्याही आपापल्या इंग्रजीत. ते गात होते तो इराकी मकाम. आपल्या रागासारखाच, पण रागही नाही. कुठे चढायचं, कुठे किंकाळी फोडायची, कुठे उतरून यायचं, सगळं गुरूकडून ऐकून पाठ केलेलं. त्यात काव्य इतकं महत्त्वाचं की गाणाऱ्याला तिथे 'कारी' म्हणतात, म्हणजे वाचणारा. तरुणपणी बगदादच्या कॉफीखान्यांत ते म्हाताऱ्या कारींसमोर तासन्‌तास बसायचे. लंडनमध्ये त्यांना गाण्याच्या साथीला तीन जोडीदार होते. दोघे गेले आणि तिसऱ्याला ऐकू येईनासं झालं. हना इथे शाळेत वाढली. बाबा गायला लागले की ती टीव्ही बंद करायची, पण जवळ येऊन बसायची नाही. बगदादवर बॉम्ब पडत होते त्या वसंतात दीड महिना त्यांच्या कोपऱ्यातून नुसता मशीनचा आवाज यायचा. मी एकदा डब्यात पुरणपोळी नेली. त्यांनी ती संपवली आणि डबा धुऊन परत दिला.

त्या शरदात मीच हट्ट धरला. आमच्या घरी रविवारी दुपारी बैठक. मंडळातली तीसेक माणसं, हॉलभर चादरी. मी भक्तिभावाने इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावला, तर म्हणाले, "ती माशी बंद करा." टेपरेकॉर्डरलाही त्यांचा विरोध होता, "गाण्याला माणसं लागतात, यंत्र नाही," पण माझ्यासाठी एकदाच चालवून घेतलं. आणि मग ते काय गायले! इतक्या दिवसांचं सगळं त्यात होतं. शब्द कुणालाच कळत नव्हते, तरी आमच्या जोशीकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. शेवटी खाली उतरत उतरत ते थांबले आणि आमच्याकडे बघायला लागले. आम्ही? माना खाली, डोळे मिटलेले. एवढ्या गाण्यानंतर तोंड उघडायचं नाही, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. टाळीसुद्धा पाप वाटली. ती शांतता लांबत गेली, लांबत गेली... शेवटी माझा नवरा विलास न राहवून म्हणाला, "चला, चहा घ्या सगळ्यांनी!" डोळे उघडले तर अबू नबील कोट चढवत होते.

दोन आठवडे ते माझ्याशी धड बोलले नाहीत. शेवटी मीच दुकानात जाऊन ठाण मांडलं. "तुमच्या माणसांना आवडलं नाही," ते म्हणाले. "अहो, रडत होती माणसं!" "मग मला एकट्याला तिथे का सोडलंत?"

तेव्हा कळलं. मकाम संपला की कारीचा घसा थकलेला असतो, मनही. तेव्हा वाजवणारे आणि ऐकणारे मिळून एक साधं, ठेक्यातलं गाणं उचलतात, त्याच सुरांतलं. त्याला पस्ते म्हणतात. त्या वेळात कारी श्वास घेतो, पाणी पितो आणि त्याला समजतं की आपलं पोचलं. आम्ही आदराने गप्प बसलो आणि बगदादच्या रीतीने त्यांचा अपमान केला. माझ्या जिव्हारी लागलं ते. "मला शिकवा," म्हटलं, "पुढच्या बैठकीत मी गाईन."

शिकवलं त्यांनी. चारच ओळी. पँटची खालची पट्टी दुमडता दुमडता एकेक ओळ. नदीवर पाणी भरायला गेलेली मुलगी परत का आली नाही, असं काहीसं. चाल मला पहिल्याच दिवशी आली, पण घशाच्या तळातून काढायची ती अक्षरं येईनात, म्हणून मी नुसती गुणगुणायचे. आणि पुढची बैठक? आधी दिवाळी, मग आमच्या लेकीच्या, केतकीच्या परीक्षा, मग घरी पाहुणे... "कधी?" ते विचारायचे. "आता नक्की," मी म्हणायचे. चालढकल करायला मला कुणी शिकवावं लागत नाही.

मग त्यांची फुफ्फुसं गेली. शेवटचं भेटले ते वॉर्डात, सहा खाटांच्या. बोलताना धाप लागत होती. तरी माझा हात धरून त्यांनी मकामाचा शेवटचा उतार गुणगुणला, जेमतेम, आणि थांबले. माझ्याकडे बघत राहिले. ते कशाची वाट बघत होते ते मला कळलं होतं. पण शेजारी पेपर वाचणारा माणूस, औषधं देणारी नर्स... माझी जीभ रेटली नाही. "आराम करा, अबू नबील," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. याबद्दल मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी कॅसेट घेऊन हनाकडे गेले. खोलीत सात-आठ इराकी बायका, कडू कॉफीचे छोटे पेले. हनाने टेप लावली आणि अबू नबील गायला लागले. तो न उतरलेला सूर आता मला अगदी घरचा वाटला. ते चढले, उतरत आले, थांबले. मग टेपवर ती आमची शांतता. तिच्यात त्यांचा श्वास ऐकू येत होता. वाट बघत असलेला.

मी तोंड उघडलं. पहिल्या ओळीला आवाज फाटला, अक्षरं सगळी चुकली. दुसऱ्या ओळीला शेजारून हनाचा आवाज आला. मान खाली, डोळ्यांतून पाणी, पण शब्द न् शब्द बरोबर. तिला सगळं येत होतं. तिसरीला सगळ्या बायका. चौथी ओळ संपते न संपते तोच टेपमधून विलास ओरडला, "चला, चहा घ्या सगळ्यांनी!"

अबू नबीलना आमचं पस्ते ऐकू गेलं नाही, हे मला ठाऊक आहे.

"काय म्हणाले ते?" हनाने डोळे पुसत विचारलं.

"चहा घ्या म्हणतोय," मी म्हटलं.

ती उठली आणि किटली लावायला आत गेली. जाताना ओठांत पहिली ओळ पुन्हा होती.