शुद्धीवर येतानाचं बोलणं

वंदनाला डिस्चार्ज मिळाला होता. दारात रिक्षा उभी होती, पण ती घरी जाणार नव्हती.

"स्टेशनला सोडतो," तिचा नवरा भटू म्हणाला. तो सुरतेत, बमरोलीला, कापडाच्या लूमवर काम करतो. "भाऊ धुळ्याला घेऊन जाईल. आमच्याकडे नको आता."

आदल्या दिवशी तिचा गर्भ पडला होता. आत राहिलेला भाग काढायला क्युरेटिंग केलं. भूल मी दिली. शुद्धीवर येताना ती किंचाळली, रडली, आणि सासूच्या देखत म्हणाली, "बरं झालं गेलं, मला नकोच होतं." सासूने ठरवून टाकलं, हिनेच पाडायच्या गोळ्या खाल्ल्या.

मी भडकलो. आधी त्यांच्यावर, मग स्वतःवर.

अशा छोट्या ऑपरेशनला प्रोपोफॉल देता येतं. पेशंट शांतपणे जागं होतं, पण श्वास मंदावू शकतो, म्हणून भूलतज्ज्ञाला थांबावं लागतं. केटामीनने श्वास बहुधा टिकतो. पण जागं होताना काहींना भयंकर भास होतात, वाटेल ते बोलतात, नंतरही मन थाऱ्यावर नसतं. कपाटात दोन्ही होती. मला कामरेजला पुढची केस होती. मी केटामीन दिलं आणि काम संपताच निघालो; ती काय बोलली ते नंतर सिस्टरकडून कळलं. इथे रिकव्हरी रूम नाही. पेशंट थेट नातेवाइकांत जातं.

नर्सिंग होमच्या मालकीणबाई म्हणाल्या, "जवा दो ने, जाऊ द्या, साहेब. घरचा झगडा आहे."

"मॅडम, तो आपण लावलाय."

"आपण? इंजेक्शन कोणी निवडलं?"

"मी."

"मग गप्प बसा. उद्या सगळ्या डिंडोलीत बोभाटा होईल."

मी रिक्षापाशी गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, औषध मी माझ्या घाईसाठी निवडलं, ती बडबड त्या औषधाची.

सासू म्हणाली, "दवाई बोलस का कधी? तिनाच तोंडमाईन निंघनं."

"मावशी, तुम्ही मेलात म्हणून ती ऊर बडवत होती. सिस्टरने सांगितलं मला. तेही खरं का?"

सासू पदर सारखा करत राहिली. "तेबी बोलनी व्हती," ती शेवटी म्हणाली.

भटूने माझ्याकडे न बघता रिक्षावाल्याला सांगितलं, "घरी घे."

मॅडमनी मला पुन्हा बोलावलं नाही. राहिलेले पैसे घ्यायला गेलो तेव्हा तपासणीला आलेली वंदना मात्र बाहेर भेटली. डोळे सुजलेले.

"झोप लागते का?" मी विचारलं.

"झोपायची भीती वाटते, डॉक्टर. सासूबाई आता काही बोलत नाहीत. पण मी झोपले की जवळ येऊन बसतात. ऐकायला."

केटामीनचा अंमल तासा-दोन तासांत उतरतो. घरच्यांनी ऐकलेलं उतरत नाही. आम्हाला शिकवताना पहिलं सांगतात, दुसरं नाही.