सांदाच्या नावाचे गोड गहू

तुदोराबाई आमच्या सूतगिरणीत नर्स होत्या. आता माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. बाई फटकळ, पण इंजेक्शन असं देणार की कळायचंही नाही.

त्या काळी सरकारला लोकसंख्या वाढवायची होती, गर्भ पाडला की तुरुंग. दर तीन महिन्यांनी गिरणीतच आम्हा बायकांची तपासणी व्हायची. तपासायच्या तुदोराबाई, डॉक्टर नुसती सही करायचे. गरोदर म्हणून वहीत नाव चढलं की बाळंतपणापर्यंत पाळत. माझ्या शेजारच्या यंत्रावरची सांदा आत गेली तेव्हा दाराशी पुढचा नंबर माझा होता.

"ताई, एवढ्या खेपेला लिहू नका. घरी तीन आहेत, नवरा पितो." तिनं रिवाजाप्रमाणे कॉफीचं पाकीट पुढे केलं.

"मी कुणाचं घेत नाही," म्हणत तुदोराबाईंनी ते परत सरकवलं आणि नाव लिहिलं. अख्ख्या गिरणीत लाच न खाणाऱ्या त्या एकट्याच, आणि त्याचा त्यांना तोरा होता.

मुलगी झाली, लुमिनित्सा. दोन वर्षांनी सांदाला पुन्हा दिवस राहिले. या खेपेला ती कुणाकडेच गेली नाही. घरच्या घरी काहीतरी केलं आणि त्यातच गेली. नवऱ्यानं धाकटीला अनाथाश्रमात टाकलं.

पुढे सरकार पडलं, कायदाही गेला. लुमिनित्सा तेराची झाली ती स्टेशनात, पिशवीत चंदेरी रंग ओतून नशेसाठी हुंगत. तिथली बहुतेक पोरं अशीच, आयांनी नको नको म्हणताना जन्मलेली. सरकारनं पोरं मोजून घेतली आणि वाढवायची वेळ आल्यावर हात झटकले. मला अजून चीड येते.

गेल्या पितरांच्या शनिवारी तुदोराबाई मेलेल्यांच्या नावानं उकडलेले गोड गहू वाटायला स्टेशनात गेल्या. मी सोबत होते.

"घे गं पोरी," त्या लुमिनित्साला म्हणाल्या.

"कुणाच्या नावानं?" तिच्या ओठांना तो चंदेरी रंग लागलेला.

"सांदाच्या."

"देव तिला क्षमा करो," ती रीतीप्रमाणे म्हणाली आणि खाऊ लागली. "कोण होती?"

मी तुदोराबाईंना कोपरानं ढोसलं, सांगा म्हणून.

"आमच्या गिरणीत होती," एवढंच त्या बोलल्या.

परतताना जिन्यात थांबल्या. "एक पाकीट घेतलं असतं, तर काय बिघडलं असतं गं?"

तपासणीच्या त्या दिवशी दाराशी मी सगळं ऐकलं होतं, आणि नर्स असावी तर अशी, असं गिरणीभर सांगत मीच फिरले होते.