विंगेतली खुर्ची

जयवंताबाई रामटेके यांच्या घरात बक्षिसं दोन ठिकाणी नांदतात. सिनेमाचं आणि मालिकेचं बैठकीत, काचेच्या कपाटात. नाटकाची स्वयंपाकघरात, ओट्यावर नि ओट्याखाली. झाडीपट्टीत, म्हणजे वडसा, आरमोरी, सिंदेवाहीकडच्या धानाच्या मुलुखात, एखाद्या नटीचं काम मनात भरलं की गावचं मंडळ तिला पाणी भरायचा स्टीलचा गुंड देतं, परात देतं, डबा देतं आणि त्यावर हौसेने नाव टाकून घेतं. नागपूरजवळ वाडीला गोदामांच्या मागे बाईंचं दोन खोल्यांचं घर आहे. तिथे पाहुण्याला पाणी मिळतं ते 'उत्कृष्ट स्त्री कलाकार' असं कोरलेल्या गुंडातलं. पाहुणा कपाटाकडे पाहत पाणी पितो आणि निघून जातो.

कपाटात पाहण्यासारखं आहेच, नाही असं नाही. मालिकेतली जिजीआत्या दोन वर्षं रोज संध्याकाळी साडेसातला घराघरांत भांडली, त्याबद्दल वाहिनीने सोनेरी बाहुली दिली. आजही बाई भाजी घ्यायला गेल्या की भाजीवाली दोन मिरच्या जास्त टाकते आणि "आत्या, सुनेले आता सोडा ना!" म्हणते. सिनेमात त्या जेमतेम सात मिनिटं आहेत. पात्राला नावसुद्धा नाही, नुसती 'नायकाची आई'. पण त्या सात मिनिटांसाठी पुण्याच्या एका महोत्सवात सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. परीक्षकांनी लिहिलं होतं, 'मान किंचित डावीकडे कलवून ऐकण्याची त्यांची लकब काळजाला भिडते.'

हे वाचून बाई पोट धरून हसल्या होत्या. कारण ती लकब नव्हतीच. ते सत्तावीस वर्षांचं वळण होतं. डाव्या विंगेत लहानूभाऊ बसायचे.

लहानूभाऊ प्रॉम्प्टर. झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकाचा हंगाम. एकेका नटीला पाच-पाच नाटकं, तालीम म्हणाल तर दोन दिवसांची, तीही गाडीत बसून केलेली धरून. तिथे प्रॉम्प्टर नसेल तर राजा राणीला वहिनी म्हणायचा. विंगेतून प्रत्येक वाक्य यायचं, ते नटाच्या कानात पडायचं, पण पहिल्या रांगेतल्या माणसाला त्याचा पत्ता लागायचा नाही. भीमजयंतीच्या नाटकात काम करणारी एकोणीस वर्षांची जयवंता पहिल्यांदा वडशाला गेली, तेव्हा घाबरून पडद्याची दोरी सोडेना. लहानूभाऊ म्हणाले, "डावा कान माह्याकडं ठेव. बाकीची तू सारी पब्लिकची."

त्यांची एक खोड होती. खेळ संपला की ते काही बोलायचे नाहीत, नुसता हात वर करायचे. दिलेला शब्द सोडून नटाने दुसराच ठोकला की एक बोट. जयवंताला पहिल्या खेळाला दोन्ही हात कमी पडले होते. मग पाच, मग तीन, मग दोन. सत्तावीस वर्षांत पूर्ण मिटलेली मूठ तिला एकदाच मिळाली, सिंदेवाहीजवळच्या एका गावात. ती मूठ पाहून ती रंगलेल्या चेहऱ्यानेच रडली होती. ही गोष्ट बाईंनी कुठल्याही मुलाखतीत सांगितली नाही, कारण कोणी विचारलीच नाही.

आणि आता नागपुरातली एक नाट्यसंस्था त्यांना जीवनगौरव देणार होती. चित्रपट, दूरदर्शन आणि रंगभूमी, तिन्हींसाठी मिळून. बाईंना मनापासून आनंद झाला होता. त्यांचे यजमान आनंदराव हिंगण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. नाटकाच्या हंगामात कामाची पाळी सांभाळून लेकीच्या वेण्या घालणारा हा माणूस चार दिवस आधीच नवा सदरा इस्त्री करून बसला होता.

गुरुवारी संस्थेचा सचिव उन्मेष मानपत्राचा मजकूर दाखवायला घरी आला. बँकेत नोकरी, चाळिशीचा, नाटकावर जीव असलेला भला माणूस. दीक्षाने, बाईंच्या लेकीने, मजकूर मोठ्याने वाचला. जिजीआत्यावर दोन परिच्छेद. सिनेमावर एक, त्यात ती मान कलवण्याची लकब अर्थातच होती. आणि शेवटी एक ओळ: 'काही काळ त्यांनी झाडीपट्टी रंगभूमीवरही काम केले.'

दीक्षाने कागद उलटून पाहिला, मागे काही नव्हतं. आनंदरावांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"उन्मेषभाऊ," जयवंताबाई हळूच म्हणाल्या, "सत्तावीस वर्षं म्हणजे काही काळ होते का?"

उन्मेष वरमला. "ताई, मलाही ते खटकतंय. पण करू काय? मालिकेच्या क्लिप आहेत, सिनेमाची परीक्षणं आहेत. नाटकाचं मटेरियलच नाही हो! शूटिंग नाही, छापलेलं पुस्तक नाही, पेपरात एक ओळ नाही. मी लिहू कशावरून?"

"आईच्या तोंडून ऐकून लिहा ना," दीक्षा तडकली. "का पेपरवाला आला नाही म्हणून नाटक झालंच नाही?"

"दीक्षा, चूप बस वं," बाईंनी तिला दटावलं. "भाऊ, पाणी प्या."

उन्मेषने गुंडातलं पाणी गटागट प्यायलं.

बाईंना राग उन्मेषचा आला नव्हता. तो खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती. बारा वर्षांपूर्वी नाटक कंपनी बंद पडली, नाटकांच्या हस्तलिखित वह्या उधईने, म्हणजे वाळवीने, खाल्ल्या, ज्यांनी पाहिलं ते लोक आपापल्या शेतात. रविवारी भर सभेत ती एक ओळ वाचली जाईल, फ्रेममध्ये जाईल आणि भिंतीवर लागेल. पुढे नातवंडं वाचतील की आजी काही काळ नाटकातही होती. त्यांनी रंगवलेल्या कौसल्या सुईण, चिमाबाई, राणी रूपमाला, सगळ्या जणी त्या एका ओळीत गाडल्या जातील.

"मले बोलाले किती वेळ आहे?" बाईंनी विचारलं.

"मनोगताला दहा मिनिटं, ताई."

"मंग डाव्या विंगेत एक खुर्ची टाकून ठेवा. बस, एवढंच करा माह्यासाठी."

उन्मेषला काही कळलं नाही, पण खुर्ची देणं त्याच्या हातात होतं, त्याने कबूल केलं. तो जाताच बाईंनी वडशाला फोन लावला.

"लहानूभाऊ, जय भीम. जयवंता बोलून राहिली. कौसल्या सुईण आठवते का गा? पंचायतीचा सीन?"

लहानूभाऊ आता अठ्ठ्याहत्तरचे होते. "डोयाले दिसत नाही वं आता," ते म्हणाले. "अन् वही तं उधईनं खाल्ली. काहून?"

"वही नसू द्या. तुमी या फक्त. मी बारा वर्षांत ते बोलली नाही. मले एकटीनं होत नाही."

"येतो," लहानूभाऊ म्हणाले. आठवतं की नाही, याचं उत्तर त्यांनी दिलंच नाही. बाईंना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

रविवारी सकाळी दीक्षाने लहानूभाऊंना बसस्टँडवरून सभागृहात आणलं. पांढरा सदरा, काळा चष्मा, हातात काठी. विंगेत शिरताच त्यांनी पडद्याची दोरी चाचपली आणि विचारलं, "डावीच होय ना?" मग खुर्चीवर असे बसले की जणू काल रात्रीच तिथून उठून गेले होते. संस्थेची एक उत्साही मुलगी धावत आली. "आजोबा, समोर बसा ना, नीट दिसेल."

"मले पाहाचं नाही बाई," लहानूभाऊ म्हणाले, "मले बोलाचं आहे."

कार्यक्रम रीतसर झाला. जिजीआत्याच्या क्लिपला हशा पिकला, सिनेमाच्या क्लिपला लोक हळहळले. मानपत्र वाचलं गेलं. ती ओळ यायला आणि जायला तीन सेकंद लागले. शाल झाली, श्रीफळ झालं, स्मृतिचिन्ह झालं. मग निवेदकाने मनोगतासाठी बाईंना बोलावलं.

जयवंताबाईंनी शाल काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवली, पदर कमरेला खोचला आणि माईक बाजूला सारला. त्यांना माईकची सवय टीव्हीने लावली होती. त्याआधी त्यांचा आवाज मंडपाच्या टोकापर्यंत आपल्या पायांनी जायचा.

"मले भाषण येत नाही," त्या म्हणाल्या. "मी जे काही काळ केलं, ते थोडंसं दाखवते म्हणते. सुईण आहे. गावानं तिच्यावर आळ घेतला अन् पंचायत बसवली. गावाबाहेर काढाले निघाले."

मान डावीकडे कलली. आणि विंगेतून काहीच आलं नाही. एक श्वास, दोन श्वास. बाईंना वाटलं, संपलं, म्हाताऱ्याच्या डोक्यातूनही गेलं.

मग तो आवाज आला. तोच कोरडा, सपाट, कुणाला न कळणारा. 'पंच हो, मले काढाले बसले ना तुमी...' एकोणीस वर्षांची जयवंता उभीच होती तिथे, ती धावत सुटली.

"पंच हो, मले काढाले बसले ना तुमी? काढा! पण आधी एकेक जण उभे राहा. गणपतराव, तुमी पायाळू आले होते. दोन रात्री तुमच्या मायचा हात धरून बसली होती मी. सदाशिव पाटील, तुमी निळे पडले होते, माह्या तोंडानं श्वास भरला तुमच्यात. इथं बसल्या एकेकाचं पहिलं रडणं या कानानं ऐकलं मी. तुमच्या मायबापाच्या आधी मी ऐकलं! आता सांगा, बाहेरची कोण?"

पुढची सहा-सात मिनिटं कौसल्या पंचांना सोडायला तयार नव्हती, आणि लोकही तिला सोडायला तयार नव्हते. शेवटचं वाक्य संपलं तेव्हा मागच्या रांगेतून एक माणूस, बहुधा हिंगण्यात कामाला असलेला झाडीकडचा कोणी, ओरडला, "कौसल्या सुईण! आमच्या गावाले पाहिली होती!" मग टाळ्या. आनंदराव सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत होते, इस्त्रीची पर्वा न करता. पण टाळ्यांसाठी बाई थांबल्या नाहीत. नमस्कार केला आणि सरळ विंगेत गेल्या. उन्मेष मागोमाग धावला.

लहानूभाऊ काठीवर हनुवटी टेकून बसले होते.

"किती, भाऊ?" बाईंनी धापा टाकत विचारलं.

लहानूभाऊंनी हात वर केला. एक बोट.

"एक? कुठं?"

"'पहिलं रडणं' म्हणाली तू. वहीत 'पहिला टाहो' आहे. मी टाहो देल्ला होता वं, पण तू पुढं पळाली."

जयवंताबाई खळखळून हसल्या आणि हसता हसताच त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. बारा वर्षं झाली, वही उधईने खाल्ली, आणि कौसल्येचा एक शब्द इकडचा तिकडे झाला तर हा माणूस अजून बोट दाखवत होता! गाडलं गेलं म्हणून त्या ज्याच्यासाठी जीव जाळत होत्या, ते सगळं या खुर्चीवर शाबूत बसलं होतं.

उन्मेष तिथेच उभा होता. फ्रेम केलेलं मानपत्र त्याच्या हातात होतं. "आजोबा," त्याने चाचरत विचारलं, "हे नाटक तुम्हाला सगळं पाठ आहे?"

"हेच, का बाकीचे बी?" लहानूभाऊंनी विचारलं.

उन्मेषने फ्रेम भिंतीला उलटी टेकवली, खिशातून पेन काढलं, कार्यक्रमपत्रिकेची कोरी बाजू गुडघ्यावर धरली आणि खाली जमिनीवरच बसला. "जयवंताताईंचं पहिलं नाटक कोणतं? त्यांच्या पहिल्या वाक्यापासून सांगा."

लहानूभाऊंनी घसा साफ केला. आणि बाईंनी, काही कारण नसताना, डावा कान पुढे केला.