पायाळू शेजारीण

निजामाचं राज्य गेलं, पण भोकरदनात कुणाच्या कमरेत उसण भरली की माणूस अजून आमच्या शेजारणीच्याच ओट्यावर यायचा. ती पायाळू, म्हणजे जन्मताना पायाकडून आलेली. अशा माणसानं पाय लावला की उसण उतरते, अशी गावाची खात्री. खरं काम मात्र तिचे हात करायचे. कोमट तेलानं पाठ चोळता चोळता ती "कापूस वेचून झाला का?" असलं काहीतरी विचारायची, आणि माणूस उत्तर देण्यात गुंतला की अंगठ्यानं गाठ मोकळी करायची. मग त्याला नमस्कार करून पाठीला पाय नुसता टेकवायची. माझ्या पाठीला तर तो पिसासारखा लागला होता.

एकदा तिच्या सासूलाच उसण भरली. दिवसभर सुनेला बोल लावणारी ती बाई ओट्यावर पालथी पडली. सुनेनं मन लावून चोळलं. सासू हुश्श करून उठायला लागली, "गेली बघ!"

"थांबा आत्याबाई, पाय लावायचा राह्यला की!"

"आता कशाला?"

"न्हाई न्हाई, काम बराबर झालं पाह्यजे."

तिनं वाकून नमस्कार केला. मग उठली, लुगडं वर खोचलं आणि चार पावलं मागं सरली.