वाकड्या खोलीतला पलंग

अंबादास खरातची खोली वाकडी आहे हे अख्ख्या इमारतीला ठाऊक आहे. घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या झोपड्या पाडून तिथे बारा मजले उभे राहिले, तेव्हा एका बाजूने नाला आडवा आला आणि बिल्डरने इमारतीचा तो कोपरा तिरका छाटला. छाटलेल्या कोपऱ्यातली, सातव्या मजल्यावरची जागा सोडतीत नेमकी अंबादासच्या चिठ्ठीत निघाली. हॉल ठीक, मोरी-संडास ठीक, पण बेडरूमची पश्चिमेची भिंत दारापासून खिडकीकडे जाता जाता आत सरकत जाते आणि मध्येच एक खांब पोट पुढे काढून उभा आहे. चिठ्ठी बघून शेजारचे चंद्रप्रकाश हळहळले होते. कोपरा कापलेली वास्तू लाभत नाही, म्हणाले. अंबादास म्हणाला, "भिंत वाकडी आहे ना, असू दे. तिला टेकून बसायला कुणी सांगितलंय?"

माणूस पहिल्यापासूनच ताठ. त्याचा बाप गेवराईकडचा. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर तो घरातले देव फडक्यात बांधून गोदावरीत सोडून आला होता. ही गोष्ट अंबादासने आपल्या मुलाला, सम्यकला, इतक्यांदा सांगितली आहे की सम्यक हल्ली शेवट आधीच सांगून मोकळा होतो. मुहूर्त, दिशा, लिंबू-मिरची यातलं कुणी काही काढलं की अंबादासचा आवाज चढायचा. चौतीस वर्षं त्याने महापालिकेच्या एका इस्पितळात वॉर्डबॉय म्हणून काढली. माणूस जाताना इतक्या जवळून बघितल्यावर शुभ-अशुभ कसलं राहतंय, असं तो विचारायचा.

म्हणून सोनूबाईचा पलंग त्याने कसा लावला, ते सांगताना जरा वाईटच वाटतं.

सोनूबाई त्याची बायको. मार्च महिन्यात भाकरी थापता थापता तिचा डावा हात परातीतच पडून राहिला. तीन आठवडे इस्पितळात गेले. बोलणं परत आलं, डावा पाय थोडाथोडा उचलायला लागला, हात मात्र लोंबताच राहिला. घरी सोडायच्या आदल्या दिवशी तिने अंबादासला जवळ बोलावलं.

"मला कुणी संडासला नेलेलं नको. काठी धरून जाईन, उशीर लागू दे, पण माझी मी जाईन. तेवढं बघा."

अंबादासने मान हलवली. आयुष्यात या बाईने त्याच्याकडे फारसं काही मागितलेलं नव्हतं.

आजवर दोघं जमिनीवरच झोपत आली होती. आता पलंग हवा होता. कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून लोखंडी पलंग आणला, सहा बाय तीनचा, दोन्ही टोकांना सारखेच गज. रविवारी बापलेकांनी तो खोलीत घेतला आणि मग खरी कसरत सुरू झाली. तिरक्या भिंतीला लावला तर मागे त्रिकोणी फट राहायची आणि दार निम्मंच उघडायचं. आडवा घातला तर खांब नडायचा. खोलीच्या मधोमध ठेवला तर काठी घेऊन चालायला वाट उरत नव्हती. दुपारपर्यंत दोघांचे अंगठे सोलून निघाले. शेवटी पूर्वेच्या सरळ भिंतीला, उत्तरेची खिडकी आणि दक्षिणेचं कपाट यांच्यामध्ये तो बोटभर फट ठेवून बसला. दुसरी जागाच नव्हती.

आता उशी कुठल्या टोकाला ठेवायची, एवढाच प्रश्न होता.

"खिडकीकडे ठेवा ना, बाबा," सून दर्शना म्हणाली. ती मुलुंडला एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते. "आईंचा उजवा हात मोकळ्या बाजूला येईल. त्याच्यावर जोर देऊन त्यांना उठता येईल."

अंबादासला हे सांगायची गरज नव्हती. अर्धांग झालेल्या माणसाची धड बाजू मोकळी ठेवायची, भिंतीकडे नाही, हे त्याने स्वतः शेकडो नातेवाइकांना शिकवलं होतं. पण खिडकी उत्तरेला होती. त्याच सकाळी समोरच्या वनमालाबाई उपमा घेऊन आल्या होत्या आणि अगदी मायेने म्हणाल्या होत्या, "काका, बाकी काही करा, उत्तरेला डोकं तेवढं करू नका हां. आत्ताच मरणाच्या दारातून आल्यात त्या." एरवी अंबादासने त्यांना उपम्यासकट परत पाठवलं असतं. या वेळी त्याने नुसती ताटली घेतली.

त्याला त्याची आई आठवत होती. लहानपणी तो चुकून उत्तरेला डोकं करून पडला की आई फरफटत त्याची वाकळ फिरवायची. तिकडं मढं निजवतात, म्हणायची. आईनेही दीक्षा घेतलेली होती. देव नदीत गेले होते, हे मात्र घरातच राहिलं होतं आणि साठ वर्षं अंबादासच्या आत कुठेतरी गप्प बसून होतं.

"खिडकीतून वारा लागेल तिच्या डोक्याला," तो म्हणाला आणि त्याने उशी कपाटाकडे ठेवली.

दर्शनाने खिडकीबाहेर पाहिलं. एप्रिलची दुपार होती, पान हलत नव्हतं. मग सासऱ्याच्या तोंडाकडे बघून ती चादर घालायला लागली.

सोनूबाई घरी आली आणि आठ दिवस तशी पडून राहिली. धड हात भिंतीला, लुळा हात मोकळ्या बाजूला. उठायचं झालं की तिचा उजवा हात भिंतीवर नुसता चाचपडायचा. मग कुणीतरी येऊन तिला बसवायचं, उभं करायचं, न्यायचं. अंबादास हे सगळं सफाईने करायचा. ती त्याच्याकडे बघायची नाही.

दर्शनाची रजा संपली. नवव्या दिवशी दुपारी अंबादास औषधं आणायला खाली उतरला. येताना लिफ्ट बंद पडलेली. मजल्या-मजल्यावर दम खात तो वर पोचला, तोवर पाऊण तास झाला होता. खोलीत शिरताच त्याला वासावरून कळलं. सोनूबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि चादर भिजलेली होती.

अशा हजारो चादरी त्याने बदलल्या होत्या. पेशंटला कुशीवर घ्यायचं, जुनी गुंडाळत न्यायची, नवी सारत आणायची. तशीच त्याने हीही बदलली.

"उशी हिकडं का ठेवली ते मला पहिल्या दिवशीच कळलंय," सोनूबाई भिंतीकडे बघतच म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला भ्या वाटत होतं. म्हटलं, राहू द्या चार दिवस."

अंबादास पलंगाजवळ खालीच बसला. "वाटलं गं," तो म्हणाला. "मला ते पटत नाही, कधीच पटलं नाही. पण तिकडं डोकं करून तुला निजवलं आणि काही झालं तर, असं आलं मनात. हातच गेला नाही माझा."

सोनूबाई म्हणाली, "तुमचा डबा घेऊन यायची मी वॉर्डात. खाटांच्या दोन रांगा होत्या, समोरासमोर. त्यातल्या एकीची डोकी कुठं असायची?"

अंबादासने डोळ्यांपुढे वॉर्ड आणला. जिन्याकडची रांग. वीस खाटा, सगळ्यांची डोकी उत्तरेला. चौतीस वर्षांत हे त्याच्या एकदाही मनात आलं नव्हतं. त्या रांगेतून माणसं पिशवी उचलून, त्याला चहाला पैसे देऊन चालत घरी गेली होती. त्याच रांगेतून त्याने स्ट्रेचरवर पांढऱ्या चादरीखालची माणसंही नेली होती. समोरच्या रांगेतूनही तेवढीच.

"जीव जायचा तर कसंबी निजलं तरी जाईल," सोनूबाई म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "पण असं भिजत पडायला लावू नका मला."

हे त्याला सोसलं नाही. तो उठला. पलंग हलवायचा नव्हता, काही उचलायचं नव्हतं. त्याने उशी घेतली आणि खिडकीकडच्या टोकाला आला. तिथे तो ती छातीशी धरून क्षणभर उभा राहिला, एवढा मोठा माणूस. मग त्याने ती ठेवली आणि सोनूबाईला खांद्यांखाली हात घालून बेताने फिरवलं. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील.

चारच्या सुमाराला तिने उजवा हात पलंगाच्या कडेवर रोवला. जोर दिला, अर्धी उठली आणि परत पडली. अंबादास पुढे सरसावला.

"तिथंच थांबा."

दुसऱ्या खेपेला ती बसली. पाय खाली सोडले, धाप ओसरू दिली, काठी घेतली. डावा पाय ओढत, भिंतीला खांदा घासत ती दाराबाहेर पडली. तो मागे मागे येतोय हे पाहून ती संडासाच्या दारात थांबली. "हॉलमध्ये जाऊन बसा," म्हणाली.

तो जाऊन बसला. दार लागलं. मग आतून कडी लागली.

वॉर्डात पेशंटला कडी लावू द्यायची नाही, हा पहिला नियम. अंबादासच्या ते अगदी ओठांवर आलं होतं. तरी तो गुडघ्यांवर हात ठेवून, कडी परत निघेपर्यंत बसून राहिला.