पाकिटावरची म्हातारी आणि आमचे भाईजी

भाईजींची आणि माझी पहिली भेट त्यांच्या जालन्यातल्या कार्यालयात झाली. पुण्याहून डिझाइन शिकून आलेली मी, जाडजूड फाइल काखेत मारून, नाक वर करूनच गेले होते. समोर होते गोकुळदासजी, सगळ्यांचे भाईजी. घरच्या कापडदुकानाची गादी सोडून त्यांनी पाट्या रंगवायला घेतल्या आणि पुढे जिल्ह्यातल्या कितीतरी मालाला चेहरा दिला. त्यांनी फाइल शेवटच्या पानापर्यंत पाहिली आणि म्हणाले, "काम बिलकुल सुंदर हाये, बेटा. पण यातली गोष्ट कोणाची हाये?"

मला राग आला, आणि त्या रागातच मी त्यांच्याकडे नोकरी धरली.

भाईजींची रीत साधी. गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, मालाची गोष्ट एकाला विचारायची, मग तीच दुसऱ्याला. दोघं न ठरवता एकच सांगतील तिथं पेन्सिल टेकवायची. मंठ्याच्या एका व्यापाऱ्यांना चहाच्या पुड्यावर वाघ हवा होता. "वाघ कधी चहा पिला का हो?" असं विचारून भाईजींनी त्यांनाही बोलतं केलं आणि त्यांच्या आईलाही. दोघांच्या बोलण्यात दुकानापुढचा बाक आला, बाजाराला आलेली माणसं टेकायची तो. पुड्यावर तोच बाक छापला. आज मंठ्यात लोक "बाकाचा चहा द्या" म्हणतात, तेव्हा माझीच छाती फुगते.

आता माझी चूक सांगते. धावड्याच्या सुनंदाताईंनी मिरची-मसाल्याचा धंदा काढला. पाकिटाचं काम माझ्याकडे आलं. घरचा मसाला म्हटल्यावर आजीच असणार! मी फोनवर दोन वाक्यं बोलले आणि नऊवारीतली हसरी म्हातारी काढून टाकली. भाईजी तेव्हा आजारी होते. पाकिटं छापून गेली.

आठ दिवसांनी सुनंदाताईंचा फोन आला. "ताई, मला वाटलं तुमच्या लाइनीत असंच चालत असंल. पर मसाला माझ्या सासऱ्यांचा हाये. उभी हयात त्यांनी गावची लग्नं रांधली. पाकीट बघितलं आन् पालथं घालून ठेवलं. दोन दिवस झाले, नीट जेवले न्हाईत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जित्या माणसाची हयात मी एका खोट्या म्हातारीच्या नावावर करून टाकली होती! भाईजी अंगात कणकण असतानाच मला घेऊन धावड्याला गेले. सुनंदाताईंच्या सासऱ्यांसमोर, नामदेवबाबांसमोर, त्यांनी हात जोडले. "चूक माझ्या कार्यालयाची हाये, बाबा. विचारल्याबिगर चित्र काढलं आम्ही." माझं नाव घेतलं नाही. तिथंही नाही आणि आजतागायत कुठंच नाही.

मग त्यांनी मला म्हटलं, "विचार."

मी विचारलं. बाबा हळूहळू खुलले. "मसाला तळहातावर चोळायचा आन् वास घ्यायचा. हात सांगतो, झाला का न्हाई." आत चुलीपाशी सुनंदाताईंना विचारलं, तर त्याही म्हणाल्या, "बाबा हातावर चोळून वास घेतल्याबिगर कढईत काही टाकू देत न्हाईत."

पेन्सिल तिथंच टेकवली. नव्या पाकिटावर बाबांचा उघडा तळहात आला, करंगळीवरच्या भाजल्याच्या डागासकट. खाली नाव: नामदेव आचाऱ्यांचा मसाला. पहिलं पाकीट हाती आल्यावर बाबांनी ते दाराकडे तोंड करून भिंतीला टेकवून उभं केलं. घरात येणाऱ्याची नजर पहिली त्याच्यावर पडावी म्हणून!

पुण्यामुंबईत गोष्ट रचून माल विकणारे पुष्कळ असतील. गोष्ट शोधून ती ज्याची त्याला परत देणारे भाईजी आमच्या जालन्यात आहेत, आणि मी त्यांची शिष्या आहे. हे मी कुठंही, कुणालाही, मान ताठ करून सांगते.

भाईजींच्या पंचाहत्तरीच्या सोहळ्याचं निमंत्रण द्यायला मी धावड्याला गेले, तेव्हा बाबांनी सोहळ्याचा स्वयंपाक दुसऱ्या कुणाला देऊच दिला नाही. ते भाईजींहून पाच वर्षांनी मोठे आहेत. त्यांनी निरोप दिला, तो इथं जसाच्या तसा लिहिते. माझ्या शुभेच्छा त्याहून वेगळ्या नाहीत.

"भाईजींना म्हणावं, शंभरीची पंगत बी मीच रांधणार हाये. तवर दोघांनी बी जायची जल्दी न्हाई करायची."