सकाळी फोन करणारा खबरी

ज्या माणसामुळे ते प्रकरण माझ्या लक्षात राहिले, त्याच्यावर शेवटपर्यंत एकही गुन्हा दाखल झाला नाही. तरीही इतक्या वर्षांच्या नोकरीतली कोणती घटना विसरता येत नाही असे कोणी विचारले, तर माझ्या डोळ्यांपुढे सर्वांत आधी तीच उभी राहते.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. अंधेरी पूर्वेच्या एका पोलीस ठाण्यात मी फौजदार होतो. सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी शिकलेला, घराण्यातला पहिला पदवीधर. वडील हमाली करायचे. शाळेतल्या हेडमास्तरांनी मागे लागून माझ्याकडून स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरून घेतला, म्हणून अंगावर खाकी चढली. त्यांची आठवण काढल्याशिवाय मी आजही स्वतःविषयी काही सांगू शकत नाही.

आमच्या हद्दीत एक जुने गावठाण होते. कौलारू घरे, बाहेरून लाकडी जिने, चौकात दगडी क्रूस, पलीकडे थोडी भातशेती शिल्लक. वस्ती ख्रिस्ती, पण बोली मराठी. आता तिथे काचेच्या इमारती आहेत. तेव्हा संध्याकाळी गस्तीला गेले की सुकट भाजल्याचा वास यायचा आणि कुठल्यातरी माडीवरून कोणीतरी व्हायोलिन नाहीतर ट्रम्पेट घोटत असायचे. त्या गावठाणाने सिनेमाच्या ऑर्केस्ट्राला कितीतरी वादक दिले होते.

त्यातले सर्वांत नावाजलेले एक ट्रम्पेटवादक. सगळे त्यांना मास्टर म्हणायचे, मीही तेच म्हणतो. सिनेमाच्या गाण्यांत त्यांचे तुकडे असत, त्यांच्या नुसत्या वादनाच्या तबकड्या निघाल्या होत्या. आमच्या गावचा बँडवाला प्रत्येक वरातीत त्यांचा एक तुकडा वाजवायचा आणि प्रत्येक वेळी एकाच जागी चुकायचा. मुंबईत बदली झाल्यावर ते गृहस्थ माझ्याच हद्दीत राहतात हे कळले, तेव्हा मी वडिलांना मुद्दाम पत्राने कळवले होते.

त्या वर्षांत गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने, उपनगरांत थैमान घातले होते. व्हिडिओ पार्लरच्या मागे, बंद शेडमध्ये, चांदीच्या पन्नीखाली काडी धरून ओढणारी माणसे रोज दिसायची. नवा कडक कायदा आला होता आणि पुडीवाले पकडा, असा वरून तगादा होता. मास्टरही त्या व्यसनात सापडले होते, हे जगजाहीर होते. पण ते त्यातून बाहेर आले होते. शहराबाहेर एका फादरांच्या व्यसनमुक्ती केंद्रात राहून बरे झाले, पुन्हा रंगमंचावर उभे राहिले, वर्तमानपत्रांनी कौतुक केले. गावठाणात तर आभाराची प्रार्थना झाली आणि तिला बँड लावला होता.

एका सकाळी ठाण्यात फोन आला. ठाणे अंमलदाराने घेतला. शांत, स्वच्छ आवाजाचा पुरुष. म्हणाला, "आज संध्याकाळी क्रुसाच्या मागच्या बोळात पुडीवाला येणार. चौकड्यांचा शर्ट. माल घ्यायला एक माणूस येईल. पुडी त्याच्या हातात पडायच्या आधी या." आणि फोन ठेवला.

आमचे हवालदार मालवणचे, मिशीवाले, भजनात मृदंग वाजवणारे. ते म्हणाले, "सायबानू, फुकट खबर देणारो खबरी मी अजून बघूक नाय. ह्यो दुसऱ्या धंदेवाल्याचो माणूस. आपल्या हातान त्या पुडीवाल्याचो काटो काढूक बघता."

तरी आम्ही साध्या वेशात गेलो. चौकड्यांचा शर्ट आला, त्याला मालासकट धरला. मागोमाग बोळात शिरले ते मास्टर. तबकडीवरचा चेहरा मी लगेच ओळखला.

पंचांसमोर झडती घेतली. त्यांच्याकडे काही मिळाले नाही. ठाण्यात आणून बसवले तर आवाज चढवून, नाकात बोलत ते भांडायला लागले.

"कुठल्या कलमाखाली बसवलंय मला? झडती घेतली ना? काय मिळालं?"

"काही नाही," मी म्हणालो.

"मग चहा पाजा, नाहीतर सोडा!"

नाक गळत होते, एकामागून एक जांभया येत होत्या. झोप नसताना अशा जांभया देणारी माणसे कोठडीत रोज बघत होतो. मास्टर पुन्हा घसरले होते. मी त्यांना चहा पाजला आणि सोडले.

काही दिवसांनी तोच शांत आवाज, पुन्हा सकाळी. या वेळी जागा व्हिडिओ पार्लरची मागची बाजू. सूचना मात्र तीच, हातात पडायच्या आधी या. पुन्हा पुडीवाला सापडला, पुन्हा मास्टर आले आणि पुन्हा रिकाम्या हातांनी आम्हाला शिव्या देत गेले. जाताना मला म्हणाले, "वरती माझी ओळख आहे. गडचिरोलीला पाठवीन तुला."

"पाठवा," हवालदार म्हणाले, "थंय गर्द गावत नाय. तुमीय चला."

मला त्या खबरीचा उलगडा होईना. आमचे खबरी बक्षिसासाठी बोलत, सुडासाठी बोलत, नाहीतर स्वतःवरची केस सैल व्हावी म्हणून. माल विकणारा मुद्देमालासह सापडावा, एवढीच त्यांना काळजी. या माणसाला काळजी होती ती घेणाऱ्याची. मला वाटले, मास्टरांची मोठी बहीण कोणाकडून तरी फोन करवत असावी. बाई विधवा होत्या आणि घर त्याच सांभाळायच्या.

तिसरा फोन मी स्वतः घेतला. आवाजाने जागा सांगितली. मी म्हणालो, "नाव सांगा. बक्षीस मिळेल."

पलीकडे किंचित हसल्यासारखे झाले. "वेळेवर या, तेच बक्षीस."

"पुडी हातात पडल्यावर आलो तर घेणाऱ्यावरही केस होईल. आधीच का यायचं?"

त्याच्या मागे रस्त्यावरची रहदारी ऐकू येत होती. मग तो म्हणाला, "केस नाय करायची त्याच्यावर. थांबवायचंय."

त्या संध्याकाळी धरलेला पुडीवाला मी स्वतः चौकशीला घेतला. मारहाणीवर माझा कधीच विश्वास नव्हता. समोर बसवायचे, विडी ओढू द्यायची आणि त्याला त्याच्याच नशिबावर बोलू द्यायचे. माणूस गुन्हा लपवतो, गाऱ्हाणे लपवत नाही.

"सगळे बोलत होते साहेब," तो कपाळ बडवत म्हणाला, "मास्टर पनवती आहे. त्याला माल द्यायला गेला की आत. दोघं गेले ना आधीच! धंद्यात आता कोण त्याच्या सावलीला उभा राहत नाय. मी बोललो, जाऊ दे यार, आपल्याला काय होतंय. लागली ना वाट!"

"जागा कोण ठरवतो?"

"मास्टरच. आदल्या संध्याकाळी कानात सांगून जातो."

"तू कोणाला बोललास?"

"आईशप्पथ, बायकोला पण नाय बोललो. मी आणि तो. बस."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे. जागा दोघांनाच ठाऊक होती. एक आमच्यासमोर बसून कपाळ बडवत होता. तो काही स्वतःला पकडून देणार नव्हता.

"म्हंजे..." हवालदार म्हणाले आणि त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम सकाळी मास्टरांच्या घरी गेलो, एकटा आणि साध्या कपड्यांत. ते माडीवर खिडकीपाशी बसून ट्रम्पेटच्या कळांना तेल देत होते. दाढी केलेली, कपडे इस्त्रीचे. "या साहेब, बसा," म्हणाले. आणि मला कळले की हा आवाज मी पूर्वी ऐकलेला आहे. संध्याकाळी ठाण्यात ऐकला होता तो नव्हे, फोनवरचा. साऱ्या महाराष्ट्राला त्यांचे वाजवणे ठाऊक होते, बोलणे कोणालाच नाही.

मी म्हणालो, "मास्टर, खबर देणाऱ्याला सरकार बक्षीस देतं. तुमचं राहून गेलंय."

त्यांनी फडके खाली ठेवले.

"सकाळी मी माणसात असतो साहेब," ते म्हणाले. "उन्हं कलली की दुसराच कोणीतरी उठतो. उद्याची जागा तोच ठरवून येतो. त्याला आवरायची ताकद माझ्यात नाय. म्हणून ज्या सकाळी हिंमत झाली, त्या सकाळी नाक्यावरनं तुम्हाला बोलावलं. तुमच्याकडे माणसं आहेत, जीप आहे."

"घरी का नाही सांगितलं? फादरांना?"

"काय तोंडानं सांगू? पहिल्यांदा बरा झालो तेव्हा बँड लावला होता लोकांनी. टाळ्या वाजवल्या. तोच आजार परत घेऊन आलेल्याला कोण टाळ्या वाजवतो?" ते ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "वरचा सूर लागत नाय आता. अजून एक वर्ष असं गेलं तर हे ओठ संपले. मग मी कशासाठी उठायचं सकाळी?"

जिन्यावर त्यांची बहीण उभी होती. हातात चहा आणि बशीत फुगे, म्हणजे त्यांच्याकडे सणाला तळतात ते गोल पाव. तिने सगळे ऐकले होते. मास्टरांनी मान खाली घातली.

"टाळ्या लोकांनी वाजवल्या," ती बशी आदळत म्हणाली. "मी नाय वाजवल्या. मी खाली वाढत होते. तू परत ताटात जेवण टाकायला लागलास ना, तेव्हाच मला समजलं."

"मग बोलली का नायस?"

"तू बोलशील म्हणून. एवढा मोठा कलाकार, आणि पोलिसांना सांगतो, बहिणीला नाय! खा आता."

"फादरसमोर परत कसा उभा राहू गं?"

"फादर काय तुझ्या एकट्यासाठी बसलाय तिथं? जा, रांगेत उभा राहा."

मी तोंडात फुगा धरून बसलो होतो. हसावे की काय करावे, समजेना.

केंद्रात जागा व्हायला थोडे दिवस लागणार होते. तोवरच्या संध्याकाळी काढायच्या होत्या. मी वरिष्ठ निरीक्षकांना सगळे सांगितले. ते कडक शिस्तीचे गृहस्थ. म्हणाले, "ठाणं चालवायचं की दवाखाना?" मी उभाच राहिलो. मग कागदात डोळे घालून म्हणाले, "तुमच्या गस्तीत ते गावठाण येतं ना? मग गस्त नीट घाला."

आम्ही गस्त नीट घातली. उन्हे कलली की मी किंवा हवालदार त्या माडीवर असायचो. मास्टर घामाने भिजायचे, येरझाऱ्या घालायचे, पाय आखडून विव्हळायचे. एकदा दाराकडे धावले, तर हवालदार उंबऱ्यात मांडी घालून बसले आणि म्हणाले, "जावा, माझ्या अंगावरून जावा. पन आधी माका सांगा, तुमच्या त्या नाचाच्या तुकड्यात सम खंय येता? मी बोटांनी मोजून मेलंय."

"सम? अरे, तुझ्या भजनाचा ताल नाय तो!" मास्टर संतापले. आणि संतापाच्या भरात जमिनीवर हात आपटत ताल समजावू लागले. हवालदारांनी मुद्दाम चुकवत चुकवत त्यांना अंधार पडेपर्यंत बसवून ठेवले. खाली बहीण जेवण वाढून वाट पाहत होती.

ते केंद्रात गेले, काही महिन्यांनी परतले. या वेळी बँड नव्हता. सिनेमाची कामे तोवर कमी झाली होती, वाद्यांची जागा यंत्रे घेऊ लागली होती. तशात ते एकदा पुन्हा घसरण्याच्या बेतात आले. भरदुपारी ठाण्यात फोन आला. त्यांनी स्वतःचे पूर्ण नाव सांगितले आणि म्हणाले, "आज जागा वगैरे काय ठरवलेली नाय. घरीच आहे. कोण येईल काय?"

मी बाहेर होतो. हवालदार रजा टाकून घरी निघाले होते, ते तसेच मागे फिरले. संध्याकाळ टळली.

पुढे माझी बदली मुलुंडला झाली. एका हिवाळ्यात त्यांच्या बहिणीने निरोप धाडला, नात्यातल्या मुलीचे लग्न आहे, या. त्या लोकांत लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर पाणी आणायला जातात. मी पत्नीला घेऊन गेलो. नऊवारी लुगड्यातल्या बायका डोक्यावर कळश्या घेऊन चालल्या होत्या, पुढे गावठाणाचा साधा बँड. त्यात मागच्या रांगेत, इतरांसारखाच लाल कोट घालून मास्टर वाजवत होते. केस पिकले होते. विहिरीपाशी त्यांनी एक लांब, उंच सूर धरला. तो इतका वेळ टिकला की कळशी भरणाऱ्या बायका वर बघायला लागल्या. पत्नीने विचारले, "हेच का ते?" मी मान डोलावली.

मी शाळेत शिकलो तेव्हा चांगला माणूस आणि वाईट माणूस असे दोनच कप्पे होते. पोलिसाची नोकरीही तेच शिकवते, कारण आमच्या समोर माणूस नेहमी त्याच्या वाईट वेळी येतो. बरा होऊन पुन्हा घसरलेला म्हणजे खोटा, असे मीही मानत असे. मास्टरांनी दाखवले की घसरणारा जितका खरा असतो, तितकाच मदत मागणाराही खरा असतो, आणि आपण दोघांपैकी कोणाची बाजू घ्यायची हे आपल्या हातात असते.

त्यानंतर ज्या ज्या ठाण्यात रुजू झालो, तिथे फोनवर बसणाऱ्या अंमलदाराला पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगत गेलो. नाव न सांगणाऱ्यावर खेकसू नका. तो कोणासाठी फोन करतोय, हे सांगायला कधी कधी त्याची त्यालाच हिंमत होत नसते.